चारशे ऐंशी वॅटचा डग्गा

आमच्या घरात 'वॅट' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. 'स्टॅबिलायझर' हा शब्द शेजारच्या भाईदास नानांनी काढला तर त्यांना चहा मिळत नाही. आणि 'धुळ्याला स्वस्त मिळतं' असं म्हणणाऱ्या माणसाला मी फाटकातूनच वाटेला लावतो, मग तो माझा सख्खा मेहुणा का असेना. तसं म्हणणारा नेहमी तोच असतो.

लोक म्हणतात, चौधरी साहेब हल्ली फार चिडतात. अहो, चिडू नको तर काय आरती ओवाळू? जळगावात पाटबंधारे खात्यात चोवीस वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून. कोणाला अरेतुरे केलं नाही, कोणाचं ऐकून घेतलं नाही. त्या लीलाधर चौधरीला दोन टीचभर स्पीकर आणि एका लाकडी पेटीने आठ दिवस असं नाचवलं, की अजून कॉलनीतली कार्टी मला पाहिलं की तोंडाने 'फट्ट्' असा आवाज काढतात आणि पळतात. मी पळू शकत नाही. माझा गुडघा दुखतो.

गोष्ट एवढीच होती, की आमच्या सौभाग्यवतींना तबल्याची मध्यमा परीक्षा द्यायची होती. वय वर्षं त्रेचाळीस. भजनी मंडळात ढोलकी वाजवता वाजवता प्रमिलेला तबल्याचा नाद लागला, आणि जुन्या जळगावात तबले मढवणारे हाशमभाई आहेत, त्यांच्याकडे ती सहा वर्षं शिकत होती. मंडळाच्या अध्यक्षा कमलबाई म्हणाल्या, "आता या वयात परीक्षा देऊन काय शाळेत लागणार आहे का?" प्रमिलेने सरळ फॉर्म भरला. परीक्षा अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी. आणि नेमकं ऑक्टोबरात हाशमभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ते सुरतेला मुलीकडे, जरीनाकडे गेले. म्हातारा कामाचा पक्का. जाताना म्हणाले, "ताई, फिकर मत करो, मैं हाथ भेज देता हूँ." आणि खरोखरच जावयाच्या ओळखीने परीक्षेतले तबल्याचे सगळे बोल, म्हणजे कायदे, तुकडे, ठेके वाजवून त्यांनी सीडी पाठवली. ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे मोजून आठ दिवस आधी आली.

सीडी वाजवायला घरात एकच यंत्र, आमचा थोरला पुण्याला नोकरीला जाताना ठेवून गेलेला संगणक. त्याला साबणाच्या वडीएवढे दोन स्पीकर. प्रमिलेने सीडी लावली, कान टेकवून बसली, आणि तिचा चेहराच उतरला. त्या स्पीकरांतून नुसती चाटी, म्हणजे उजव्या हाताची टणटण, ऐकू यायची. डाव्या हाताचा घुमणारा डग्गा साफ गायब. आता तबल्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तिने मला समजावून सांगितलं ते असं: दोन्ही हात पडले तर 'धा', डग्ग्याचा हात नसला तर 'ता'. आमच्या स्पीकरांतून हाशमभाईंच्या प्रत्येक 'धा'चा 'ता' होत होता.

"डग्गा कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, तेच तर परीक्षेत बघतात," ती म्हणाली. "आठ दिवस आहेत. डग्गा ऐकू येईल असं काहीतरी करा."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

हे दोन शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर माझे तीन हजार रुपये, चार दिवसांची किरकोळ रजा आणि कॉलनीतली अब्रू वाचली असती.

रविवारी सकाळी नवी पेठेत नूर महंमदच्या दुकानात गेलो. सोबत भाईदास नाना. त्यांना बोलावलं नव्हतं. नानांना कोणी बोलावत नाही, ते पायात चपला घालून तयारच असतात. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं खांबांवर काढली, दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा चूक खांबाची होती. कॉलनीत कोणाचा बल्ब जरी गेला तरी नानांना विचारल्याशिवाय बदलत नाहीत.

नूर महंमदने एक संच दाखवला. टेबलावर ठेवायचे दोन छोटे स्पीकर आणि बादलीएवढी एक लाकडी पेटी. पेटी खाली, जमिनीवर. दुकानात गर्दी, बाहेर बँडवाले एका वरातीत जीव ओतत होते, त्यात त्याने काहीतरी वाजवून दाखवलं, ते छान वाजलं. दोनशे वॅट, बत्तीसशे रुपये. नूर महंमद म्हणाला, "चौधरी साब, डग्गा ऐसा आयेगा की हात लावून बघाल."

मी पाकीट काढलं होतं. हे नीट लक्षात घ्या, मी पाकीट काढलं होतं. नानांनी माझा हात धरला.

"लीलाधर भाऊ, घाई करू नका. एकच स्थळ पाहीसन कोणी सोयरीक करस का?"

आणि घरी येतो तो फोन वाजतोय. धुळ्याहून, देवपुरातून माझा मेहुणा. त्याचं नाव उखर्डू. आधीची दोन मुलं गेली म्हणून सासूबाईंनी त्याला उकिरड्यावर लोळवून आणून हे नाव ठेवलं. तो स्वतःला यू. डी. पाटील म्हणवतो. प्रमिलेने त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं, आणि त्याने तेवढ्यात आग्रा रोडचा सगळा बाजार पालथा घातला होता. मी नूर महंमदचा संच आणि वॅट सांगतो न सांगतो तोच तो म्हणाला,

"दाजी, नवी पेठेत घेऊ नका, लुटतात. इथे पुनाशेठकडे तसाच तीन नगांचा संच आहे, सव्वीसशेला. आणि चारशे ऐंशी वॅट! दोनशे कुठे, चारशे ऐंशी कुठे!"

झालं. आमच्या ओट्यावर संध्याकाळी सभा भरली. जळगावचा दोनशे का धुळ्याचा चारशे ऐंशी? ज्यांच्या घरात साधा रेडिओ नीट वाजत नाही, ती माणसं मला वॅट शिकवायला लागली. एकजण म्हणाला, वॅट जितके जास्त तितका आवाज गोड. दुसरा म्हणाला, वॅट जास्त झाले की कानाचे पडदे जातात, त्याच्या साडूचे गेले. तो साडू जन्मतः बहिरा आहे हे मला माहीत आहे. नाना मात्र गंभीर होते. बोटांवर हिशेब करत म्हणाले, "चारशे ऐंशी वॅट म्हणजे अर्धीच्या वर इस्तरी. भाऊ, तबला ऐकना शे का शर्ट घडी करना शे? तुमचा मीटरले हा लोड झेपाव नही. मंजुरी ली ल्या."

मी सरकारी माणूस. मंजुरी म्हटलं की माझी मान आपोआप हलते. सोमवारी अर्ज केला. मसुदा नानांचा, भाषा माझी. मी आपलं शुद्ध मराठीत 'ध्वनिक्षेपक संचाकरिता वाढीव भार मंजूर होणेबाबत' असं लिहिलं. वीज कार्यालयातल्या बाबूने अर्ज तीनदा वाचला.

"ध्वनिक्षेपक? कार्यक्रम सार्वजनिक आहे का खाजगी?"

"कार्यक्रम नाही हो. घरात संगणकाला लावायचा आहे."

"मग ध्वनिक्षेपक का लिहिलं? ध्वनिक्षेपक म्हटलं की पोलिसांची परवानगी जोडावी लागते. जोडून आणा."

"तुम्ही खोडा तो शब्द."

"अर्जात खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज करा. पण आवक-जावकचे साहेब उद्या येतील."

माझ्या कानशिलात आग पेटली. असली उत्तरं मी रोज देतो, पण देणं वेगळं आणि घेणं वेगळं. मंगळवारी परत गेलो. आवक-जावकच्या साहेबांनी अर्जावरचा आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी कोणी अर्ज करतं का? तुम्हाला कोणी सांगितलं?" बाहेर पायरीवर नाना तंबाखू मळत बसले होते. मी त्यांचं नाव सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

दोन दिवस असे गेले. प्रमिला त्या साबणाच्या वड्यांना कान लावून 'ता तिं तिं ता' ऐकत होती आणि अंदाजाने डग्गा मारत होती. मला म्हणाली, "अहो, नवी पेठेतलाच आणा ना. कुठलाही चालेल."

"कुठलाही कसा चालेल? निवड म्हणून काही असते की नाही?" मी खेकसलो. बुधवारी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला निघालो.

निघताना नानांनी मला फाटकाशी थांबवून जे ज्ञान दिलं, ते शब्दशः देतो, कारण या सगळ्या नाशाचं मूळ तिथे आहे. नाना म्हणाले, "भाऊ, ती जी खाले ठेवानी पेटी शे ना, तिले पैसा देऊ नका. मी नवी पेठमा नीट पाही लिधी. बठ्ठ्या वायरी तिच्यातून जातीस, मांगे फ्यूज, पुढे लाल दिवा. तो स्टॅबिलायझर शे. कंपन्या जबरदस्तीने गळ्यात मारतीस. आपल्याकडे शे ना!"

आता तुम्ही हसाल. पुण्या-मुंबईचे असाल तर जरूर हसाल. पण नोव्हेंबर लागला की आमच्याकडे गव्हाला आणि केळीला पाणी सुरू होतं, साऱ्या जिल्ह्यातल्या मोटरी एकदम चालतात, आणि घरातलं व्होल्टेज दोनशेतीसवरून दीडशेवर येतं. त्यामुळे फ्रिजला एक, टीव्हीला एक आणि संगणकाला एक असे तीन स्टॅबिलायझर माझ्या घरात आहेत. जमिनीवर ठेवायची, लाल दिव्याची, फ्यूज असलेली जड पेटी म्हणजे स्टॅबिलायझर, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मलाही कळलं. चूक माझी नाही, व्होल्टेजची आहे.

धुळ्याला उखर्डू स्टँडवर आलाच होता. पुनाशेठच्या दुकानात गेलो तर लाईट गेलेली. त्यामुळे संच वाजवून दाखवता येईना. पण मी काही ऐकायला गेलो नव्हतो, मी भाव करायला गेलो होतो. मी पेटी उलटसुलट पाहिली. मागे फ्यूज. पुढे लाल दिवा. सगळ्या वायरी तिच्यातूनच. मनात म्हटलं, वा रे नाना!

"शेठ," मी म्हणालो, "ही पेटी काढून घ्या आणि भाव सांगा."

पुनाशेठने आ वासला. "साहेब, पेटी काढीसन कसं..."

"आम्हाला शिकवू नका. आमच्याकडे आहे."

"तुमनाकडे पेटी शे?"

"एक नाही, दाजींकडे तीन शेतस," उखर्डू छाती काढून म्हणाला.

"पण साहेब, ही पेटी म्हणजे..."

"चोवीस वर्षं सरकारी नोकरीत आहे मी, शेठ. ठेकेदारांनी गळ्यात मारलेला माल ओळखण्यातच केस पांढरे झाले. पेटी काढा."

पुनाशेठने आणखी एकदा तोंड उघडलं. मी हात वर केला, त्याने ते मिटलं, आणि सातशे रुपये कमी केले. मग मी जे केलं ते आठवलं की आजही मला माझ्याच मुस्काटात द्यावीशी वाटते. हा शेठ उद्या पेटीचे पैसे मागेल म्हणून मी बिल हातात घेतलं आणि त्याच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर संचातील पेटी क्रेत्याने स्वखुशीने नाकारली असून त्याबाबत भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली सही, तारीख, हुद्दा. एक प्रत त्याला, एक मला. आमच्या खात्यात यालाच पक्कं काम म्हणतात. पुनाशेठने चहा मागवला. चहा चांगला होता, त्याचाही आता राग येतो.

गुरुवारी सकाळी जोडणी. कॉलनीतले आठदहा जण खोलीत. दोन स्पीकर बाहेर काढले, तर त्यांच्या वायरींच्या टोकाच्या पिना संगणकाच्या एकाही भोकात बसेनात. मी घामाघूम. नाना शांत. म्हणाले, "संगणकमा कशा बसतीन? स्टॅबिलायझरमा जोडान्या शेतस त्या." मग त्यांनी दोन्ही वायरींच्या पिना तोडल्या, दातांनी वायरी सोलल्या, उघडी टोकं आमच्या स्टॅबिलायझरच्या सॉकेटात घातली आणि ती निसटू नयेत म्हणून त्यात आगपेटीच्या काड्या खोचल्या. प्रमिला दारात उभी होती. म्हणाली, "नाना, पण मग सीडीचा आवाज त्यात जाणार कुठून?"

नाना म्हणाले, "अक्का, तुम्ही तबला पहा. हाई काम आमनं शे."

मी बटण दाबलं.

दोन्ही स्पीकर मिळून एकच बोल बोलले. तो 'धा' होता. मी तबल्यातला नाही, पण छातीठोकपणे सांगतो, डग्ग्यासकट होता. मग फट्ट्! निळा जाळ, काळा धूर आणि जळक्या रबराचा वास. घरातली लाईट गेली, शेजारच्या दोन घरांतली गेली, आणि फ्रिज जो बंद पडला तो कुरकुरत दुपारी सुरू झाला. आठदहा जणांपैकी खोलीत उरलो आम्ही तिघंच.

"माल डुप्लिकेट शे," नाना म्हणाले.

मी नानांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. प्रमिलाच मध्ये पडली, म्हणाली वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये. मला तर वाटतं, बोलायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी सुरतेहून हाशमभाईंचा फोन आला. मी ओट्यावर होतो, पण ऐकू आलं. त्यांनी विचारलं असणार, ताई, डग्गा सुनाई दिया? कारण प्रमिला म्हणाली, "हो हो, छान येतोय हाशमभाई. तुमचा हात अगदी समोर असल्यासारखा." आणि फोन ठेवून ती भराभरा स्टोव्हला पंप मारायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो.

मी तसाच उठलो आणि नवी पेठेत गेलो. आता नूर महंमदचा संच घ्यायचा, मग काय व्हायचं ते होवो. तर तो विकला गेला होता. रावेरच्या एका केळीवाल्याने नेला, पुढचा माल आठवडा उलटल्यावर. नूर महंमदने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्याने फडकं घेऊन गल्ल्यावरची काच पुसायला घेतली. सभ्य माणूस, हसला नाही.

"चौधरी साब, डग्गा उसी पेटी में रहता है. वो दो छोटे तर नुसती चाटी वाजवतात. मशीनही पेटीच्या आत असतं."

म्हणजे सातशे रुपये वाचवण्यासाठी मी डग्गाच धुळ्याला ठेवून आलो होतो. वर लिहून दिलं होतं, स्वखुशीने.

शुक्रवारी पुन्हा धुळं. पुन्हा रजा. साहेबांनी रजेचं कारण विचारलं, मी 'घरगुती' लिहिलं. पुनाशेठच्या दुकानात शिरलो तो पुनाशेठ त्याच पेटीवर बसून चहा पीत होता, आणि माझं ते हस्तलिखित बिल त्याने काउंटरच्या काचेखाली लावलं होतं. येणारं गिऱ्हाईक ते वाचत होतं! माझी सही, माझा हुद्दा!

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी असा ओरडलो की बाहेरचा पाववाला थांबला.

"तीनदा तोंड उघडं मी, साहेब," पुनाशेठ म्हणाला. "तुम्ही बोलू दिधं का? पाव्हणाले ईचारा."

उखर्डूने मान खाली घातली. म्हणाला, "दाजी, तसं त्यांनी तोंड उघडलं होतं खरं." याला म्हणतात बायकोचा भाऊ.

मी ग्राहक मंचाची धमकी दिली. पुनाशेठने काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं. 'भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही.' चोवीस वर्षांत मी लिहिलेल्या वाक्यातून कोणी सुटला नव्हता, तर मीच कसा सुटणार? सातशे रुपये मोजले. पेटी उचलली. त्या कागदाचे मात्र मी त्याच्यासमोर चार तुकडे केले. तो म्हणाला, "झेरॉक्स शे मनाकडे."

परतीच्या एस.टी.त कंडक्टरने पेटीचं अर्धं तिकीट मागितलं, कारण ती सीटवर होती. मी ती मांडीवर घेतली. एरंडोलपर्यंत दोन्ही मांड्या बधिर झाल्या. जळगावात शिरताना जकात नाक्यावर गाडी थांबली, कारकून वर चढला आणि बरोबर माझ्यापाशी आला.

"पेटीत काय आहे?"

"डग्गा."

त्याने पेटी हलवली. "दिसत नाही."

"दिसत नसतो. ऐकू येतो."

"वाजवून दाखवा."

"इथे कसा वाजेल? वीज लागते, संगणक लागतो."

"म्हणजे आत्ता रिकामी लाकडी पेटी आहे." त्याने पावती फाडली. "फर्निचरमध्ये लावतो."

अख्खी एस.टी. खोळंबली होती, मागून लोक ओरडत होते, "भरा ना साहेब, एका स्टुलाचे!" मी भरले. त्या पावतीवर 'निषेधासह' असं लिहायला मात्र विसरलो नाही. काही लिहिण्याची खोड अजून गेली नव्हती.

परीक्षेचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. प्रमिला पास झाली, पहिल्या वर्गात. परीक्षकांनी म्हणे डग्ग्याच्या हाताचं खास कौतुक केलं. ते ऐकून भाईदास नाना कॉलनीत सांगत फिरले की जोडणी त्यांची होती. उखर्डूने फोन केला की संच त्याने शोधला होता. पुनाशेठनेसुद्धा निरोप धाडला. त्या सगळ्यांवर चिडण्याइतकी ताकद माझ्यात अजून आहे. पण मला जे सांगायचं आहे ते शनिवारचं, परीक्षेच्या आदल्या दुपारचं.

नूर महंमद स्वतः घरी आला, बरोबर वायर घेऊन. त्याने पेटी संगणकाला जोडली, पाच मिनिटांत. नाना खिडकीबाहेर उभे होते, त्यांना मी आत येऊ दिलं नाही. छोटे दोन स्पीकर जळून कोळसा झालेले, त्यामुळे उरली फक्त पेटी. सीडी लावली. आणि त्या पेटीतून नुसता डग्गा यायला लागला. चाटी नाही, काही नाही. घें, घें, मध्येच घसटून वर जाणारा, मध्येच दाबलेला. फरशीतून पायाला कळत होता. स्वयंपाकघरात मांडणीवरची झाकणं थरथरत होती.

माझ्या डोक्यात पुन्हा आग. आधी नुसती चाटी होती, आता नुसता डग्गा! एवढ्या खेपा, एवढा तमाशा, आणि अर्धाच तबला! मी नूर महंमदला काहीतरी बोलणार, तेवढ्यात प्रमिला म्हणाली, "थांबा. बोलू नका."

तिने डोळे मिटले होते. "हाच. हाशमभाईंचा हात. चाटी मला येते, मला हाच हवा होता."

मग तिने तबला पुढे ओढला आणि पेटीतल्या हाताबरोबर वाजवायला लागली. नूर महंमद थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मला हात जोडून निघून गेला. मी उभाच. मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. दोनदा धुळं केलं, घर पेटता पेटता वाचलं, भर एस.टी.त माझं स्टूल झालं. निदान 'दमलात का' एवढं तरी. ती वाजवतच राहिली. शेवटी मीच म्हणालो, "झालं ना तुझ्या मनासारखं? आणला ना डग्गा?"

ती थांबली. "आणलात. खूप धावलात."

"मग तोंड असं का?"

"तुम्ही आठ दिवस वॅट मोजत होतात. माझे बोल म्हणायचे राहिलेत." ती तबल्याच्या वादीवरून बोट फिरवत होती. "परीक्षेत हाताने टाळी देऊन तोंडाने बोल म्हणायचे असतात. सरावाला समोर कोणी ताल धरणारं लागतं. हाशमभाई धरायचे. रविवारी मी तुम्हाला म्हटलं होतं, थोडा वेळ बसा. तुम्ही म्हणालात, आधी स्पीकरचं बघू दे."

"मग? स्पीकरचंच बघत होतो ना? कोणासाठी? धुळ्याला काय माझं सासर..." मी अडलो, कारण सासर तिथेच आहे. "मी मरमर मरतोय इथे आणि तू..."

"धुळ्याला दोनदा जाऊन आलात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सहा वर्षांत या खोलीत एकदाही बसला नाहीत."

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमी असतं. ऑफिस असतं, पेपर असतो, तिचा रियाज सुरू झाला की ओट्यावरून 'प्रमिला, दार लाव' अशी हाक असते. मी गुडघा धरून खाली बसलो.

"सांग काय करायचं ते."

"सोळा मात्रा मोजायच्या. एकला टाळी, पाचला टाळी, तेराला टाळी. नवव्याला टाळी नाही, हात नुसता बाजूला न्यायचा."

"नवव्याला का नाही?"

"नाही म्हणून नाही. धरा."

मी धरला. नवव्याला टाळी दिली. ती थांबली, म्हणाली, "पुन्हा." पुन्हा दिली. तिसऱ्यांदा तिने माझ्या मनगटावर चापट मारली. चोवीस वर्षांत साहेबांनी मारली नाही. खिडकीतून नाना म्हणाले, "लीलाधर भाऊ, मी सांगू का?" मी असा ओरडलो, "नाना, मोजू द्या!" की पेटीतला डग्गासुद्धा ऐकू आला नाही. चौथ्यांदा मात्रा चुकल्या, बारावरच संपल्या. ती हसली नाही, चिडली नाही, फक्त 'पहिल्यापासून' म्हणाली.

पाचव्यांदा नवव्या मात्रेवर माझा हात आपोआप बाजूला गेला. टाळी वाजली नाही. प्रमिला बोल म्हणत होती, स्पष्ट, भराभर, एकही अक्षर न अडखळता. मी बायकोला असं म्हणताना कधी पाहिलं नव्हतं. सहा वर्षं ती हे भिंतीपलीकडे करत होती. मला असा राग आला, असा राग आला, की नाना, उखर्डू, पुनाशेठ सगळे मिळून आणू शकले नव्हते एवढा. पण ओरडायला थांबता येत नव्हतं. दहावी मात्रा आली होती.